डांगरखेड्याचे तोंडी गुण

यशोदाबाई पंडित पाटील यांचं टायपिंग ऐकायला माणसं जिन्यात थांबायची, असं सांगणारे जळगावात अजून भेटतील. ऐकायला, बघायला नव्हे. कारण बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. बाई ताठ बसलेल्या, नजर डावीकडच्या कागदावर, आणि बोटं आपापली कामं करतायत. बटणांकडे बघणं हा त्यांच्या लेखी अडाणीपणा होता, आणि टाइप केलेला कागद परत वाचून पाहणं हा त्याहून मोठा. "ज्याला आपल्या हाताचा भरवसा नाही त्यानं वाचावं परत," असं त्या नव्या पोरींना ऐकवायच्या. असं बोलणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक दिवस काय येतं ते आपण सगळेच जाणतो. यशोदाबाईंच्या वाट्याला तो दिवस यायला वीसेक वर्षं लागली, एवढंच.

त्यांचं माहेर डांगरखेडे, अमळनेरच्या पुढे बोरी नदीच्या काठी. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी 'आता पुरे' म्हटलं, तेव्हा थोरला भाऊ वना मध्ये पडला. वना स्वतः सातवीतून शाळा सोडून वावरात गेलेला. त्यानं सायकलच्या कॅरिअरला गोणपाटाची घडी बांधली आणि रोज सकाळी बहिणीला अमळनेरच्या टायपिंग क्लासला पोचवायला लागला. क्लास सुटेपर्यंत हा समोरच्या तेलगिरणीच्या भिंतीला टेकून बसलेला. टायपिंग ही काय चीज आहे ते गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "वना बहीणले पेटी वाजाडाले शिकाडस," म्हणून लोक हसायचे. वनाही त्यांच्यात हसायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल बाहेर काढायचा. यशोदाबाई हे कधी विसरल्या नाहीत, आणि विसरल्या असत्या तर त्यांच्यासारखी कृतघ्न बाई दुसरी नसती.

लग्न होऊन त्या जळगावला आल्या. नवरा पंडितराव एसटीच्या वर्कशॉपात, स्वभावानं गरीब. बाईंनी आधी वकिलांकडे काम केलं, मग एका ट्रस्टमध्ये लागल्या. हा ट्रस्ट राजस्थानातून पिढ्यांपूर्वी इकडे आलेल्या व्यापारी घरांचा. धान्याच्या दुकानावरच्या माडीत त्याचं ऑफिस. प्रमुख हस्तीमलशेठ. ऑफिसात बाईंना सगळे 'अक्का' म्हणायचे आणि त्यांच्या टेबलाजवळून जाताना आवाज जरा खाली आणायचे.

ब्याण्णव साली ट्रस्टनं अमळनेर, पारोळा आणि धुळ्याकडच्या काही गावांत बालवाड्या काढायचं ठरवलं. प्रत्येक गावाला एकच ताई नेमायची आणि ती त्याच गावची हवी, अशी अट. लेखी परीक्षा पन्नास गुणांची, तोंडी वीस गुणांची. दोन्हींची बेरीज करून गावात जी पहिली तिला जागा. लेखीत वीसच्या खाली असलेल्यांना तोंडीला बोलावलंच नव्हतं. आतापर्यंत सगळं सरळ होतं. पण त्याच सुमाराला शेठजींचा पुतण्या निर्मलकुमार पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आला आणि येताना एक यंत्र घेऊन आला. त्याच्यासाठी आतली खोली रिकामी केली, दाराला पडदा लावला, चपला बाहेर काढायचा हुकूम निघाला. यंत्र हे दैवत की पाहुणा, याचा निर्णय ऑफिसात कुणालाच करता येईना.

निर्मलकुमार पोरगा चांगला. त्यानं अक्कांना मानानं आत नेलं आणि दाखवलं: यंत्राच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत उभ्या-आडव्या ओळी, आणि ओळी जिथे मिळतात तिथे एकेक घर. घराला तो 'सेल' म्हणायचा. एका सेलमध्ये नाव, पुढच्यात लेखीचे गुण, त्याच्या पुढच्यात तोंडीचे, आणि शेवटच्या सेलमध्ये बेरीज यंत्र आपोआप मांडणार. कॉलमचे मथळे आकड्यांच्या बरोबर वर दिसावेत म्हणून अक्षरंसुद्धा उजवीकडे सरकतील अशी सोय त्यानं आधीच करून ठेवली होती. फार टापटिपीचा होता तो.

काम सुरू झालं. तो परीक्षकांच्या कागदावरून वाचायचा आणि यशोदाबाई टाइप करायच्या, पडद्याकडे न बघता. क्वचित यंत्र 'ट्यूं' करून ओरडायचं. मग बाई वर बघायच्या, चुकलेलं नीट करायच्या आणि पुढे जायच्या. चुकलं की ओरडतं, हे त्यांना फार आवडलं. आजवर त्यांच्यावर असा पहारा कुणी ठेवला नव्हता. सुरुवातीच्या काही बायकांची बेरीज निर्मलकुमारनं कागदावर करून पाहिली, ती जमली, आणि दोघांचाही जीव भांड्यात पडला. दुपारनंतर बाईंच्या बोटांना नेहमीचा वेग आला.

यादी दाराबाहेरच्या फळ्यावर लागली आणि त्यात डांगरखेड्यासमोर नाव निघालं बेबाबाई वना पाटील. यशोदाबाईंची सख्खी भाची.

बेबा अबोल पोरगी. लहानपणी ताप येऊन एक पाय बारीक राहिला होता. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी होऊन मोडली, आणि त्यानंतर तिनं लोकांसमोर तोंड उघडणंच सोडलं. गावातच नोकरी मिळाली तर तिला कुणाच्या दारी जायला नको, स्वतःची म्हणून एक जागा होईल, असं वनाच्या मनानं घेतलं होतं. यशोदाबाईंनी यासाठी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. तो त्यांचा स्वभावच नव्हे. पण यादीत नाव बघून त्यांना मनातून झालेला आनंद काही लपला नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी जाताना आपण वनाच्या घरात ही नोकरी घेऊन जाणार, असं त्यांना वाटलं.

नेमणुकीच्या पत्रांवर हस्तीमलशेठ चार वाजता सह्या करणार होते. वना सकाळच्या गाडीनंच लेकीला घेऊन आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. ऑफिसातल्या बाकावर अंग चोरून बसला.

"यशोदे, पोरनं कल्यान व्हयनं बरं," एवढंच म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर पायांचे आवाज झाले. डांगरखेड्याचाच धनसिंग पाटील वर आला, मागे गावची चार माणसं, आणि त्यांच्याही मागे भिंतीला लागून त्याची लेक भिकुबाई.

भिकुबाईला यशोदाबाई ओळखत होत्या. गावात मारोतीच्या पारावर ती पोरं जमवून त्यांना गाणी-गोष्टी शिकवायची, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. तोंडी परीक्षेच्या दिवशी तिनं कोल्ह्याची गोष्ट अशी सांगितली होती की हस्तीमलशेठ रुमाल तोंडाला लावून हसले होते, आणि पलीकडच्या टेबलावर यशोदाबाईंची बोटं थांबली होती. बोटं थांबणं ही त्यांच्याकडून मोठी दाद.

"मनी पोर दोन वरीस व्हयनं गावना पोरेसले फुकट शिकाडी ऱ्हायनी," धनसिंग दारातूनच गरजला. "आनि नोकरीले लागनी कोन? जिले चार मानसंस्मा बोलता येत नही ती! काबर? तर तिनी आत्या आठे टायपिस्ट शे!"

वना उठून उभा राहिला.

"धनसिंग, तोंड सांभाय. मनी बहीण एक आकडाबी इकडना तिकडे करनार नही."

"मंग दखाडा आमले. कितला गुन शेत मनी पोरले?"

इतक्या वर्षांत यशोदाबाईंच्या कामाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, आणि आज दाखवत होता तो माहेरचा माणूस. त्या म्हणाल्या, "धनसिंगभाऊ, मी केलेल्या कागदात आजवर चूक निघालेली नाही. निर्मलभाऊ, यंत्र लावा. बघू देत त्यांना."

निर्मलकुमारही चिडला होता. आत जाऊन त्यानं यंत्र लावलं, यादी पडद्यावर आणली आणि तोंडीच्या कॉलमखाली किती सेल भरलेत ते मोजायची आज्ञा दिली. जितक्या बायका तोंडीला आल्या होत्या तितकाच आकडा आला.

"एकही सेल रिकामा नाही, अक्का," तो म्हणाला. "सगळ्यांचे गुण भरलेत. मी बाहेर जाऊन सांगतो त्यांना." आणि पडदा बाजूला सारून गेला.

यशोदाबाई एकट्या राहिल्या. परत वाचायचं नाही हा नेम त्यांनी त्या दिवशी मोडला. परीक्षकांचा कागद काढून डांगरखेडे शोधलं. बेबाबाई, लेखी तेहतीस, तोंडी नऊ. भिकुबाई, लेखी एकतीस, तोंडी अठरा. मग पडद्यावर त्याच ओळी काढल्या. बेबा तेहतीस, नऊ, बेरीज बेचाळीस. भिकुबाई एकतीस, अठरा, बेरीज एकतीस.

एकतीस आणि अठरा एकतीस? बाईंनी डोळे चोळले. बेरीज करणारं यंत्र, आणि त्याला एवढी बेरीज येईना? त्यांनी सेल निवडायचा उजळ चौकोन बेबाच्या नऊवर नेला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, सेलमध्ये खरोखर काय आहे ते दाखवणारी एक ओळ असायची. तिथे नुसते नऊ दिसले. चौकोन खाली भिकुबाईच्या अठरावर आणला. तिथे अठराच्या आधी अवतरणाच्या दोन बारीक रेघा. यशोदाबाई पडद्याला नाक लागेल एवढ्या पुढे वाकल्या. अठरामधला एक हा एक नव्हताच. ते इंग्रजीतलं लहान 'एल' होतं.

तो 'एल' कुठून आला हे बाईंना सांगायला कुणाची गरज नव्हती. अमळनेरच्या क्लासात जी जुनी रेमिंग्टन मशीनं होती, त्यांच्यावर एक या आकड्याचं बटणच नव्हतं. आकडे दोनापासून सुरू. एक हवा असला की लहान 'एल' मारायचा. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. तिथे शिकलेली सगळी पोरं-पोरी तसंच मारायची, आणि यशोदाबाईंच्या उजव्या हाताची अनामिका वीस वर्षं तसंच मारत आली होती. या यंत्रावर एकाचं वेगळं बटण आहे हे निर्मलकुमारनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोक्याला ते समजलं. बोटाला समजलं नव्हतं.

पण मग यंत्र ओरडलं का नाही? त्यांनी एका कोपऱ्यातल्या रिकाम्या सेलमध्ये एकवीस मारून पाहिले, दोन आणि 'एल'. यंत्र ओरडलं. मग अठरा मारले, आधी 'एल' आणि मग आठ. यंत्र गप्प. पहिलं बटण आकड्याचं असलं तर यंत्र आकड्याची वाट बघतं आणि मध्ये अक्षर घुसलं की बोंब मारतं. पहिलंच बटण अक्षराचं असलं तर त्याला वाटतं, बाईंना काही मजकूर लिहायचाय, आणि आधी त्या दोन रेघांची खूण टाकून ते मुकाट्यानं लिहून घेतं. मजकुराची बेरीज कशी होणार? तो शून्य धरून यंत्र पुढे जातं. म्हणजे ज्यांचे तोंडीचे गुण दहा ते एकोणीस, त्यांच्यावरच ही कुऱ्हाड. आणि वीसपैकी चांगलं बोलणाऱ्या बाईला गुण पडणार ते त्यातलेच.

ज्या पहाऱ्यावर त्या विसंबल्या होत्या, तो पहारेकरी अर्धा झोपलेला होता.

आता खरं सांगायचं तर यशोदाबाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काही फार चांगलं नव्हतं. त्यांच्या मनात आलं: हे कुणालाच कळणार नाही. फळ्यावर नुसती नावं लागलीत, गुण नाहीत; आणि छापून काढलं तरी 'एल' आणि एक सारखेच दिसतात. धनसिंग ओरडेल, थकेल, आणि गाडीला उशीर होतोय म्हणून जाईल. चार वाजता सह्या होतील. बेबाला जागा मिळेल. आणि कळलं, तर लोक काय म्हणतील? आत्यानं भाचीसाठी यंत्रात खोडी केली. बोटाची सवय, जुनी मशीनं, अक्षर आणि आकडा, हे कुणाला पटणार? धनसिंगला? गावाला? बोरीकाठच्या प्रत्येक पारावर वनाचं नाव निघेल. ज्यानं गोणपाटाची घडी बांधून बहिणीला शिकवलं, त्याला त्याचं हे फळ? बाईंनी यंत्र बंद करायच्या बटणाकडे हात नेला.

दाराच्या पडद्यापलीकडे आवाज चढला होता. निर्मलकुमार सांगत होता की मशीन चुकत नसतं, आणि धनसिंग म्हणत होता की मशीन चालवणारं चुकतं.

"तुना इतला भरोसा शे ना बहीणवर?" तो वनाला म्हणाला. "मंग ठेव पोरना डोकावर हात आनि खा आन. सांग, की मनी बहीणनी काही करेल नही. मी गपचूप चालना जासू."

लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटी आण खाल्ली तर ती लेकीला बाधते, हे तिथल्या माणसांना शिकवायची गरज नव्हती. पण वनाला खोट्याची भीतीच नव्हती. त्याच्यासाठी ते खरंच होतं.

"आता आन खास," वना म्हणाला. "इकडे ये, बेबा."

यशोदाबाईंनी पडदा बाजूला केला. बेबा बापासमोर मान खाली घालून उभी होती आणि वनाचा हात तिच्या डोक्याकडे निघाला होता.

"भाऊ, हात काढ!" त्या ओरडल्या. एवढ्या मोठ्यानं त्या ऑफिसात कधी बोलल्या नव्हत्या. "आन खाऊ नको. चूक व्हयेल शे. मना हातथाईन व्हयेल शे."

वनाचा हात तसाच राहिला. धनसिंगबरोबरच्या माणसांनी एकच गलका केला. "दखा! कबूल करी ऱ्हायनी!" निर्मलकुमारनं बाईंना अक्षरशः दंडाला धरून आत नेलं. त्याचा चेहरा उतरला होता.

बाईंनी त्याला भिकुबाईचा सेल दाखवला. त्यानं वाकून पाहिलं, दोन बारीक रेघा पाहिल्या, आणि लगेच समजला. समजल्यावर त्यानं जे विचारलं ते मात्र यशोदाबाईंच्या डोक्यात तोपर्यंत आलं नव्हतं.

"अक्का, असा हा एकच सेल आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं," तो हळू आवाजात म्हणाला. "सवय असेल, तर ती एकाच नावापुरती राहणार नाही. सगळ्या गावांत पसरलेली दिसेल. पण अख्ख्या यादीत फक्त तुमच्या भाचीच्या विरोधातल्या बाईच्याच सेलमध्ये अक्षर निघालं, तर काकासांना, शेठजींना, मी काय सांगू? मला स्वतःलाच पटणार नाही हो."

यशोदाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आपण काय केलंय हे त्यांना माहीत होतं, पण किती वेळा केलंय हे माहीत नव्हतं. सुरुवातीला त्या जपून मारत होत्या. कदाचित शेवटपर्यंत जपून मारलं असेल. कदाचित डांगरखेडे आलं तेव्हा मनात माहेर आलं असेल, बोट तेवढंच एकदा घसरलं असेल. मग कुणी विश्वास ठेवायचा? त्यांना स्वतःवर तरी ठेवता येईल का?

"मघाशी तुम्ही मोजलं होतं ना," त्या म्हणाल्या.

"ते भरलेले सेल मोजले. आकडा असो की अक्षर, त्याला दोन्ही सारखंच. आता फक्त अक्षरवाले मोजायचे." त्यानं यादीच्या कडेला एक नवा रिकामा कॉलम घेतला. प्रत्येक ओळीत यंत्राला एकच प्रश्न: शेजारच्या तोंडीच्या सेलमध्ये मजकूर आहे का? असेल तर एक लिही, नसेल तर शून्य. आणि सगळ्यांच्या तळाशी त्या एकांची बेरीज. आज्ञा एकदा चुकली, यंत्र ओरडलं, आणि यशोदाबाई दचकल्या. बाहेर जिन्यावर शेठजींच्या काठीचा आवाज आला.

कॉलम वरून खाली भरत गेला. शून्य. शून्य. शून्य. पडद्याच्या अर्ध्यापर्यंत नुसती शून्यं. हीच ती जपून मारलेली नावं. आयुष्यात पहिल्यांदा एक बाई देवाकडे मागत होती की माझ्या चुका जास्त निघू देत. निर्मलकुमारनं पान खाली सरकवलं. शून्य. एक. शून्य. एक, एक. डांगरखेड्याला एक. त्याच्या खाली पुन्हा एक, आणि तिथून पुढे एकांची रांगच लागली. तळाशी आकडा आला: सव्वीस.

"सव्वीस," निर्मलकुमार म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. "अक्का, सुटलात तुम्ही."

यशोदाबाईंच्या जिवात जीव आला, आणि लगेच तोंडात कडू चव आली. सव्वीस. ज्या बाईनं आपला कागद कधी परत वाचला नाही तिच्या हातून सव्वीस चुका. त्यांना हसू येईना की रडू येईना.

"एक करू," निर्मलकुमार दाराकडे बघत कुजबुजला. "बाहेर सांगू, मशीन बिघडलं होतं. तुमचं नाव कशाला? लोकांना काय समजतंय."

"मशीनकडून झालं म्हटलं, तर मी आत्ता बाहेर ओरडले ते काय होतं?" बाई म्हणाल्या. "नको. माझं बोट आहे, माझंच राहू द्या."

एकेका 'एल'च्या जागी त्यांनी स्वतः एक घातला, पडद्याकडे बघत, एका बोटानं, नव्या शिकाऊ पोरीसारखा. बेरजा आपोआप बदलत गेल्या. सात गावांत नाव बदललं. भिकुबाईची बेरीज एकोणपन्नास झाली. हस्तीमलशेठांनी दुरुस्तीच्या आधीच सगळं ऐकून घेतलं होतं, कडेचा कॉलम दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिला होता. आता त्यांनी फळ्यावरची यादी काढायला सांगितली. बाईंना ते रागावले नाहीत. "यापुढे दोघांनी मिळून तपासा," एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

धनसिंगला बाहेर बोट, मशीन, अक्षर सगळं समजावून सांगितलं. त्यानं ते ऐकलं आणि झटकून टाकलं. "सापडनी म्हनीसन कबूल करं," असं तो जिना उतरताना म्हणाला, आणि ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. गावात हेच सांगितलं जाणार हे यशोदाबाईंना तेव्हाच कळून चुकलं. भिकुबाई मात्र दोन पायऱ्या उतरून मागे आली, बेबाकडे एकदा बघितलं आणि बापामागून गेली.

ऑफिस रिकामं झालं. वना बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. समोरचा चहा थंड झालेला. यशोदाबाई त्याच्या शेजारी बसल्या.

"बठ्ठा गावमा मी सांगी ऱ्हायंतू," तो शेवटी म्हणाला, "मनी बहीणना हात चुकस नही." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं.

"चुकना, भाऊ," यशोदाबाई म्हणाल्या.

वनानं मान हलवली आणि टोपी डोक्यावर ठेवली. बेबानं पिशवी उचलली. दिवसभरात ती एक शब्द बोलली नव्हती, यादीत नाव होतं तेव्हाही नाही आणि गेलं तेव्हाही नाही. दाराशी पोचल्यावर ती थांबली, बारीक पाय जरा मागे ठेवून वळली आणि पहिल्यांदा आत्याच्या डोळ्यांत बघितलं.

"आत्या, मना नऊ खरा शेत का? का तठेबी तुनं बोट चुकनं?"

तिच्या चेहऱ्यावर एवढी आशा यशोदाबाईंनी कधी पाहिली नव्हती. क्षणभर त्यांना वाटलं, सांगावं काहीतरी. पण त्या नऊचा सेल त्यांनी मघाशीच पाहिला होता, आणि परीक्षकांचा कागदही.

"खरा शेत, बेटा," त्या म्हणाल्या.

"बरं," बेबा म्हणाली. मग निघताना मोठ्या माणसाच्या पाया पडायचं असतं म्हणून ती वाकली, आणि यशोदाबाईंच्या तोंडून काही केल्या आशीर्वाद फुटेना.